नाव ठेवणारे आणि नाव वागवणारे

जातपडताळणीचा अर्ज करायचा ठरला की वऱ्हाडातल्या घरात आधी वंशावळ लिहिली जाते. वर पणजोबा, मग आजोबा, वडील आणि शेवटी अर्जदार. वाशीम जिल्ह्यातली अशी एखादी वंशावळ हाती आली तर ती खालून वर वाचावी. तळाला आदित्य किंवा वैष्णवी. त्यांच्या वर संजय, गजानन, प्रमोद. त्यांच्या वर नामदेव, पुंडलिक, किसन. आणि सगळ्यांच्या डोक्यावर उकंडा. कधी उकंडाच्या जागी कचरू असतो, कधी धोंडू, दगडू, नथ्थू. तहसीलच्या बाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभा असलेला पणतू ते नाव पहिल्यांदा नीट वाचतो आणि ओशाळतो. कागद घडी घालून खिशात ठेवतो. आपल्या पणजोबाचं नाव उकिरड्यावरून पडलं होतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सांगायला हवं होतं. लेकरं जगत नव्हती, तेव्हाची ही नावं. एक गेलं, दुसरं गेलं, मग तिसरं जन्मलं की त्याला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि परत उचलून आणायचं. आपण हे जन्माला घातलेलंच नाही, कचऱ्यात सापडलं, असा बहाणा करायचा. मरणाची नजर चांगल्या वस्तूवर पडते, मग नावच असं ठेवायचं की तिनं ढुंकून पाहू नये. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचं, म्हणून नथ्थू. पिराला नवस बोलून झाला, म्हणून फकिरा. आज आपल्या कानाला ही नावं विचित्र लागतात. त्या काळी मात्र गावात कोणालाही ‘असं कसं नाव?’ असं विचारावं लागत नव्हतं. नाव ऐकलं की त्या घरात आधी काय घडलं असेल ते कळायचं. खुद्द उकंडालाही ते ठाऊक असायचं. आपण जगलो, एवढा त्या नावाचा अर्थ होता.

आता रिसोड, मालेगाव किंवा मानोऱ्यातल्या आजच्या बारशाला जाऊ. पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजलेल्या, आत्या पुढं सरसावलेली. आत्या बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ करून नाव सांगते, पण ते तिनं निवडलेलं नसतं. आठवडाभर मोबाईलवर शोधून आईबापांनी ते ठरवलेलं असतं आणि आत्याकडून दोनदा घोकून घेतलेलं असतं. नाव असतं रेयांश, नाहीतर कियांश, मुलगी असेल तर अन्विका. मागच्या रांगेतली म्हातारी विचारते, ‘काय वं माय, काय नाव म्हनलं?’ पुन्हा सांगितलं जातं. ती मान हलवते आणि शेजारणीला म्हणते, ‘याले हाक मारून होये परेंत गाडी निंगून जाईन.’ हशा पिकतो. आई कसनुशी हसते, बाप मोबाईलमध्ये डोकं घालतो. पंधरा दिवसांत गल्लीतली पोरं त्याचा ‘रेयांश्या’ करून मोकळी होतात. वऱ्हाडात कुठलंही नाव आलं तरी शेवटी त्याला ‘या’ चिकटणारच. ज्ञानेश्वराचा ग्यान्या होतो तिथं रेयांशची काय कथा.

या हशावर दोन ठराविक प्रतिक्रिया येतात. आईबाप म्हणतात, लेकरू आमचं आहे, नाव काय ठेवायचं ते आम्ही पाहू. नातेवाईक म्हणतात, पोराला उद्या शाळेत चिडवतील, जरा विचार करा. हा वाद गेली पंचवीसेक वर्षं प्रत्येक घरात तेवढ्याच उत्साहानं चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडतात असं माझं मत आहे. नाव वेगळं आहे की नेहमीचं, हा मुद्दा दुय्यम. ते वेगळेपण कोणासाठी आहे, आणि त्यासाठी जे सोसावं लागेल ते कोण सोसणार, हे पाहायला हवं. आईबाप नाव ठेवतात तेव्हा त्यांचं कौतुक होतं आणि ते संध्याकाळपुरतं असतं. नाव वागवायचं असतं लेकराला, सत्तर-ऐंशी वर्षं. त्याला कोणी विचारलं ‘हे कसलं नाव?’ तर त्याच्यापाशी मान वर करून देता येईल असं उत्तर आहे का? उकंडापाशी होतं.

उत्तर असलेल्या विचित्र नावांचा सगळ्यात मोठा प्रयोग याच भागात, विदर्भात, झाला. त्याचा इतिहास बारशाच्या वादात कोणी काढत नाही याचं मला नवल वाटतं.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम सांगितला आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. लगेच पुढं स्त्रियांच्या नावांचा नियम येतो. ती उच्चारायला सोपी, कानाला गोड, मनाला आवडणारी असावीत. म्हणजे नाव काय ठेवावं ही आईबापांची खाजगी हौस आहे, असं या देशात फार काळ कोणी मानलंच नव्हतं. कोणाला किती चांगलं नाव शोभतं याची पायरी ठरलेली होती. कचरू, धोंड्या, दगडू ही नावं मरणाला फसवण्यासाठी अनेक जातींमध्ये ठेवली गेली हे खरं. पण काही वस्त्यांमध्ये मरणाची भीती नसतानाही तीच नावं पिढ्यानपिढ्या राहिली. तिथं फसवायचं कोणालाच नव्हतं, गावाला फक्त जागा दाखवून द्यायची होती.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यातला सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार. दोघं एकच माणूस. दगडू या नावानं वाढलेला आणि दया या नावानं लिहू लागलेला, असे एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसून बोलतात. मराठीत नावावर इतकं खोल लिहिलेलं दुसरं पुस्तक मला आठवत नाही. आणि तिथं नाव हा विषयही नाही, तो नुसता उंबरठा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतरच्या वर्षांत वऱ्हाडातल्या गावोगावच्या वस्त्यांमध्ये बारशांचा आवाज बदलला. कचरूच्या नातवाचं नाव सिद्धार्थ. धोंडाबाईची नात संघमित्रा. गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा. आणि मिलिंद. या शेवटच्या नावाशी जरा थांबू. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक वंशाचा राजा, ज्याचे भिक्खू नागसेनाला विचारलेले प्रश्न ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढं हेच नाव मिळालं. मंगरूळपीर किंवा मालेगावच्या एखाद्या खेड्यात एका शेतमजुरानं आपल्या मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या यवन राजाचं नाव दिलं, यापेक्षा चमत्कारिक नामकरण कुठलं? आज मिलिंद हे नाव ऐकून कोणाची भुवईही उंचावत नाही. देशपांड्यांच्या घरातही मिलिंद असतो.

त्या वेळी भुवई उंचावली होती, आणि नुसती भुवई नाही. गावगाड्यात पूर्ण नावानं हाक मारणं हा मान होता आणि तो मान कोणाला द्यायचा नाही हे ठरलेलं होतं. म्हणून ‘सिद्धार्थ’ म्हणताना काहींची जीभ जड व्हायची. त्या नावांवर हसणारेही होते. पण ते हसणं आणि रेयांशच्या बारशातलं म्हातारीचं हसणं यात जमीनअस्मानाचं अंतर आहे. म्हातारीला नाव जमत नाही म्हणून ती हसते. त्यांना नाव जमत होतं, ते त्या घरात आलेलं चालत नव्हतं.

या नावांना आणखी एक गोष्ट होती, सोबत. एकाच वर्षी, एकाच तालुक्यात, वस्तीवस्तीत सिद्धार्थ जन्मले. शाळेत पटावर एक सिद्धार्थ असला तरी शेजारच्या गावात दुसरा होता. तो एकटा पडला नाही. त्याला कोणी विचारलं तर उत्तर त्याच्या घरात, वस्तीत, भिंतीवरच्या फोटोत होतं. नवी नावं एकेकट्यानं ठेवली तर ती लहर ठरते, हजारोंनी मिळून ठेवली तर गावाला नवं ऐकायची सवय करून घ्यावी लागते. आणि एका पिढीत ती सवय होतेही. माणसांचे कान हट्टी असतात, पण फार हट्टी नसतात.

याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. तांड्यांमधल्या नावांचा प्रवास वेगळा. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या फुलसिंग नाईकांचे चिरंजीव वसंतराव आणि वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव दोघंही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. फुलसिंग ते वसंतराव, एका पिढीत केवढी मोठी चाल आहे ही. इथं नवं नाव मुख्य प्रवाहाच्या अंगानं गेलं, त्यापासून दूर नाही. तांड्याच्या बाहेर वावरायचं तर बाहेरच्यांना अडखळू नये असं नाव हवं, हा हिशोब मला समजतो. आज तांड्यातल्याच काही तरुण आईबापांना जुनी नावं पुन्हा आणावीशी वाटतात तेव्हा घरातले वडीलधारे दचकतात. त्यांनी ती नावं मोठ्या मुश्किलीनं मागं टाकलेली असतात. अशा घरात भांडण झालं तर मी कोणाच्या बाजूनं उभा राहीन, हे मला पटकन सांगता येणार नाही.

धर्माच्या सीमेवरचं नाव हा त्याहून नाजूक विषय. आज एखाद्या हिंदू घरानं मुलाचं नाव मुसलमानी ठेवलं तर गावच काय, घरातली माणसंही बोलायची बंद होतील. पण मंगरूळपीर या तालुक्याच्या गावाच्या नावातच पीर आहे आणि तिथल्या दर्ग्यावर सगळ्या जातीधर्मांची माणसं जातात. वऱ्हाडातल्या जुन्या याद्यांमध्ये फकिरा, पिराजी ही नावं हिंदू घरांत सर्रास सापडतात. आणि यात वऱ्हाड काही वेगळं नाही. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या दोन मुलांची नावं मालोजी भोसल्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा प्रत्येक मराठी मुलानं इतिहासाच्या पुस्तकाच्या आसपास कुठंतरी ऐकलेली असते. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं नाव एका पिराच्या नावावरून. आज त्या नावाकडं विचित्र म्हणून कोणी पाहत नाही, कारण ते आपलं झालेलं आहे. मग प्रश्न पडतो की आपण नवी विचित्र नावं ठेवायला शिकतोय की जुनी विचित्र नावं पचवण्याची ताकद हरवतोय?

या बाबतीत महाराष्ट्रातलं मला सगळ्यात धीट वाटणारं नाव साताऱ्याच्या एका घरातलं आहे. नरेंद्र दाभोलकरांनी मुलाचं नाव हमीद ठेवलं, हमीद दलवाईंवरून. दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ साली ते गेले. आडनाव दाभोलकर आणि नाव हमीद, ऐकणाऱ्याच्या मनातले दोन कप्पे एकदम उघडतात आणि तो गोंधळतो. हा गोंधळ आईबापांना नकळत झालेला नाही, तो त्यांनी विचार करून केलेला आहे. आणि त्याचं उत्तर त्या मुलाला घरातच मिळालं होतं. असं नाव ठेवण्याची हिंमत माझ्यात असती का, याची मला शंका आहे. पण अशा नावावर ‘लेकराला त्रास होईल’ हा आक्षेप घेणाऱ्यांना मी विचारेन की त्रास देणारं कोण आहे? नाव, की तुम्ही?

नातेवाइकांच्या काळजीबद्दल मला हाच संशय कायम वाटत आलेला आहे. ‘चिडवतील’ या क्रियापदाला कर्ता नसतो. कोण चिडवणार? बहुतेक वेळा बोलणाऱ्याचीच मुलं. पण म्हणून काळजी सगळीच खोटी नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची नावं एका सरकारी कार्यक्रमात बदलली गेली. त्यांची नावं होती नकोशी, नकुसा. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, म्हणून. या नावाचंही उत्तर होतं आणि ते त्या मुलीला दर हजेरीला ऐकावं लागत होतं. इथं ‘लेकरू आमचं, नाव आम्ही ठेवू’ हे म्हणणं टिकत नाही. आईबापांचा हक्क लेकराच्या अंगावर राग काढण्यापर्यंत पोचत नाही, आणि तिथं गावानं, शाळेनं, जिल्हा परिषदेनं मध्ये पडायलाच हवं होतं. त्यांनी फार उशिरा ते केलं.

न्यूझीलंडमध्ये २००८ साली एका न्यायाधीशानं नऊ वर्षांच्या मुलीला नाव बदलता यावं म्हणून न्यायालयाच्या ताब्यात घेतलं. तिचं नाव होतं ‘टालुला डझ द हुला फ्रॉम हवाई’. आईबापांनी गंमत म्हणून ठेवलेलं, आणि ती मुलगी मैत्रिणींना खरं नाव सांगायची भीती बाळगत होती. नकोशी आणि टालुला, एक दारिद्र्यातून आणि पुत्रमोहातून, दुसरं चेष्टेतून. परिणाम सारखाच. दोघींनाही आईबापांच्या मनातलं काहीतरी स्वतःच्या पाठीवर वाहायला लावलं गेलं. आइसलंडमध्ये नावं मंजूर करणारी समितीच आहे. आपल्याकडं तशी समिती नाही, आणि नसावी. आपल्या इतिहासात अशी एक समिती होऊन गेली आहे, तिचे नियम मनुस्मृतीत आहेत.

कागदाचा जाच मात्र खरा आहे आणि तो थट्टेपेक्षा जास्त टिकतो. जन्माची नोंद करताना नाव रिकामं सोडता येतं. बारा महिन्यांच्या आत ते फुकट भरता येतं, पुढं पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. त्यानंतर मात्र नाव हळूहळू घट्ट होत जातं. आधारवर ऑपरेटर टंकतो तेव्हा मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्याच्या मनाप्रमाणे होतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गुरुजींनी वेगळं लिहिलेलं असतं. मग अपार क्रमांक काढायच्या वेळी दोन्ही जुळत नाहीत. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. संजयला हा त्रास कमी होतो, कारण संजय कसा लिहायचा हे सगळ्यांना माहीत आहे. कियांशला जास्त. शिष्यवृत्तीचे पैसे एका अक्षरामुळं अडकले की त्या घरातल्या बापाला जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागतात आणि मजुरी बुडते. पुण्यात बसून अनोख्या नावाची बाजू मांडणाऱ्यांना ही खेप दिसत नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात ती मोजावी लागते.

पण इथंही एक गोष्ट उलटी आहे. नाव एकच असावं, जन्मापासून मरेपर्यंत तेच असावं, हा आग्रह परंपरेचा नाही, कागदाचा आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. गुरुचरित्राच्या अकराव्या अध्यायात त्यांच्या जन्माची कथा येते. मूल जन्मतःच ओंकार उच्चारतं, पण पुढं काही बोलतच नाही, आणि लोक नाना तऱ्हेनं आईबापांना सल्ले देतात. त्या मुलाचं जन्मनाम एक, शालिग्रामदेव. हाक मारायचं नाव दुसरं, नरहरी. आणि जग ज्या नावानं ओळखतं ते नृसिंह सरस्वती, संन्यास घेताना मिळालेलं तिसरं. एका आयुष्यात तीन नावं, आणि कारंज्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायकांचं तर विचारूच नका. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून जुनं एका संध्याकाळी पुसून टाकलं जायचं, आणि त्याला कोणी राजपत्र मागितलं नाही. ज्या समाजानं निम्म्या लोकसंख्येची नावं विनातक्रार बदलली त्यानं ‘पोराच्या नावाचं काय होईल’ म्हणून इतकं घाबरावं, याची मला गंमत वाटते.

आता त्या रेयांशकडं परत येऊ, कारण माझी खरी तक्रार त्याच्याबद्दल आहे आणि ती नातेवाइकांच्या तक्रारीच्या नेमकी उलटी आहे. त्यांना ते नाव फार वेगळं वाटतं. मला ते पुरेसं वेगळं वाटत नाही. रेयांश, कियांश, दिव्यांश, प्रियांश. अन्वी, अन्विका, आन्या. अंगणवाडीतला पट मोठ्यानं वाचला तर एकच नाव थोडं थोडं बदलून पुन्हा पुन्हा वाचल्यासारखं वाटतं. ‘कोणाचंच नसेल असं’ नाव हवं म्हणून हजारो आईबाप एकाच वेळी त्याच याद्या चाळतात, आणि सगळ्यांच्या हाती तेच लागतं. यादीत अर्थही दिलेला असतो, सूर्याचा किरण, विष्णूचा अंश. ‘अंश’ संस्कृत आहे हे खरं. त्याच्या पुढचं ‘रेय’ कुठून आलं हे विचारलं तर संस्कृतचे सर चष्मा पुसू लागतील. अशा नावाला ‘का?’ विचारलं तर उत्तर ‘छान वाटलं’ एवढंच असतं. त्याला सोबत आहे, पण त्या सोबतीमागं काही नाही.

पंचांगावर सगळा दोष टाकायची एक पळवाट आहे. गुरुजींनी अक्षर काढून दिलं, आम्ही काय करणार? पण अवकहडा चक्राची जरा खोडी काढून पाहा. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, उत्तराभाद्रपदाच्या चौथ्याला ‘ञ’, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’. ‘ङ’वरून नाव ठेवलेला एकही मराठी माणूस माझ्या ऐकण्यात नाही. तिथं गुरुजी हसून दुसरं अक्षर देतात. म्हणजे सोय पाहिजे तिथं पंचांग वाकतं.

आणि दुर्मीळ, जुनं, भारदस्तच नाव हवं असेल तर वाशीमकरांनी मोबाईल कशाला उघडावा? हे शहर म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथंच सापडलेल्या ताम्रपटात विंध्यशक्ती, सर्वसेन, प्रवरसेन ही नावं आहेत. सर्वसेनानं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचलं. ते हरवलं, पण नंतरच्या पंडितांनी त्यातले श्लोक उद्धृत केले म्हणून त्याची कीर्ती उरली. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांचं मोठं काम झालं. वाशीमच्या शाळेत एखादा सर्वसेन असला आणि त्याला सरांनी विचारलं, ‘हे काय नाव?’ तर त्याला खिडकीबाहेर बोट दाखवून सांगता येईल की इथल्याच राजाचं आहे, सर. रेयांशला तसं काय दाखवता येईल? गंमत म्हणजे मी हे सुचवलं की आईबाप म्हणतात, फार जड होतं. म्हणजे नातेवाइकांचाच आक्षेप त्यांच्या तोंडी येतो.

‘नाव काहीही असो, माणूस मोठा झाला की नाव मोठं होतं’ असं समजावणारेही भेटतात, आणि विदर्भात त्यांच्याकडं दोन बिनतोड दाखले असतात. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे हातातल्या फुटक्या गाडग्यामुळं गाडगेबाबा झाले. माणिक बंडोजी इंगळे यांना गुरू अडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं आणि ते तुकडोजी झाले. आज वाशीमच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर गाडगेबाबांचं नाव असतं आणि नागपूरच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर तुकडोजींचं. गाडगं आणि तुकडा, दोन विद्यापीठं. दाखला खरा आहे, पण तो बारशाला लागू पडत नाही. ही नावं त्या दोघांना पाळण्यात मिळाली नव्हती. ती मोठेपणी, त्यांच्या जगण्यातून आली आणि त्यांनी ती स्वतः स्वीकारली. शिवाय जे कचरू आणि दगडू मोठे झाले नाहीत, त्यांच्या नावांचं काय झालं हे सांगायला कोणी विद्यापीठ नाही. त्यांची नावं त्या वंशावळीत आहेत, आणि पणतू कागद घडी घालतो.

म्हणून बारशाला बोलणाऱ्यांपैकी कोणाचं ऐकायचं, हे माझ्यापुरतं तरी ठरलेलं आहे. उच्चाराबद्दल आजीचं ऐकावं, अगदी निमूटपणे. नाव घरचे ठेवतात, पण ते वापरतात सगळे गावचे. जिला ते दिवसातून वीसदा घ्यायचं आहे तिच्या जिभेला ते जमलं पाहिजे. म्हातारीला जमत नसेल तर मास्तरांनाही जमणार नाही आणि आधारच्या ऑपरेटरला तर नाहीच. जन्मनोंदीत नाव भरायला वर्ष आहे. तोवर घरात, अंगणात, बसस्टँडवर ते मोठ्यानं हाकारून पाहावं. पण जात, धर्म, ‘आपल्यात असं नाव नसतं’ किंवा ‘एवढं मोठं नाव कशाला’ हे बोलू लागणाऱ्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा. त्यांची हरकत नावाला नसते.

सध्या सगळ्यात जास्त कुरकुर ज्या नावावर होते ते पाळण्यातलं नाहीच. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा क्रमानं लिहायचं, असा निर्णय राज्य सरकारनं त्या वर्षीच्या मार्चमध्ये घेतला. मुलाचं नाव कितीही अनोखं असलं तरी त्यावर तासभर चर्चा करणारं घर या मधल्या नावावर मात्र गप्प होतं. कोणी म्हणतं, फार लांब झालं; कोणी म्हणतं, रकान्यात मावणार नाही. वडिलांचं नाव मावत नव्हतं असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ही मुलं २०३० च्या सुमारास वाशीमच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये पहिलीत बसतील. गुरुजी हजेरी घेतील तेव्हा रेयांश असो की सर्वसेन, त्याच्या लगेच मागं त्याच्या आईचं नाव वर्गात ऐकू येईल, आणि त्यावर कोण हसतं, कोण नाही, ते पाहायला मी जाणार आहे.